फुटबॉल महासंघाचे अर्थकारण : अनुदान केंद्राचे, मैदाने राज्यांची

देशातील फुटबॉलचा कारभार पाहणारा अखिल भारतीय फुटबॉल महासंघ ही सरकारी संस्था नाही. १९३७ मध्ये सिमला येथे स्थापन झालेला हा महासंघ १९४८ पासून फिफाचा, म्हणजेच जागतिक फुटबॉल संघटनेचा सदस्य आहे. राज्य संघटना हे त्याचे घटक असून त्यांच्या मतांवर महासंघाचे पदाधिकारी निवडले जातात. मात्र राष्ट्रीय संघांची सराव शिबिरे आणि परदेश दौरे यांच्या खर्चाचा काही भार केंद्र सरकार उचलते आणि सामने ज्या मैदानांवर होतात, ती बहुतांशी राज्य सरकारे, महापालिका किंवा विकास प्राधिकरणे यांच्या मालकीची असतात. पैसा देणारा एक, मैदानाचा मालक दुसरा आणि खेळ चालविणारा तिसरा, असा हा त्रिस्थळी व्यवहार आहे. भारतीय फुटबॉलच्या अनेक अडचणींचे मूळ त्यात सापडते.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार क्रीडा हा विषय राज्य सूचीत येतो. केंद्राचे या क्षेत्रातील लक्ष वाढले ते १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांमुळे. त्याच वर्षी केंद्रात स्वतंत्र क्रीडा विभाग सुरू झाला आणि १९८४ मध्ये भारतीय क्रीडा प्राधिकरण स्थापन झाले. राष्ट्रीय क्रीडा महासंघांना केंद्रीय क्रीडा मंत्रालयाकडून एका योजनेद्वारे अर्थसाहाय्य दिले जाते. प्रत्येक महासंघ आपल्या वर्षभराच्या प्रशिक्षणाचे आणि स्पर्धांचे वेळापत्रक सादर करतो, त्यावर चर्चा होते आणि मग रक्कम ठरते. व्यावसायिक क्लब आणि त्यांची लीग स्पर्धा चालविणे हा या योजनेचा उद्देश नाही.

या साहाय्याचे आकारमानही ध्यानात घेण्यासारखे आहे. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात युवक कल्याण आणि क्रीडा मंत्रालयासाठी ३,७९४ कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली. त्यापैकी १,००० कोटी रुपये ‘खेलो इंडिया’ योजनेसाठी होते, तर सर्व राष्ट्रीय महासंघांसाठी मिळून ४०० कोटी रुपये होते. महासंघांची संख्या पन्नासच्या वर आहे. या वाटपात पदकांच्या शक्यतेला मोठे वजन असते आणि तेथे फुटबॉलची बाजू लंगडी पडते. १९५१ आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धांतील सुवर्णपदके आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमधील चौथे स्थान हा इतिहास अभिमानास्पद असला, तरी अनुदान ठरविताना त्याचा फारसा उपयोग होत नाही.

या निकषांचा फटका संघाला प्रत्यक्ष बसलाही आहे. २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धांसाठी भारतीय ऑलिंपिक संघटनेने फुटबॉल संघांना पाठविले नाही. २०२३ मध्ये सांघिक खेळांत आशियातील पहिल्या आठांत स्थान असण्याची अट आड आली. मंत्रालयाने ती शिथिल केल्यानंतरच पुरुष आणि महिला संघ चीनमधील हांगचौ येथे जाऊ शकले. तेथे पुरुष संघाने उपउपांत्यपूर्व फेरी गाठली. संघाला मोठ्या स्पर्धा खेळू न देता त्याचा दर्जा उंचावण्याची अपेक्षा धरणे कितपत योग्य, हा प्रश्न त्या वेळी उपस्थित झाला होता आणि तो रास्तच होता.

मैदानांची कथा निराळी आहे. २०१७ मध्ये भारतात १७ वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा झाली. नवी दिल्ली, कोलकाता, मडगाव, कोची, गुवाहाटी आणि नवी मुंबई येथे सामने झाले आणि १३ लाख ४७ हजार प्रेक्षकांनी ते मैदानात जाऊन पाहिले. या गटाच्या विश्वचषकातील तो उपस्थितीचा विक्रम ठरला. सहा मैदानांपैकी नवी मुंबईचे डी. वाय. पाटील स्टेडियम तेवढे खासगी. उरलेली पाचही सार्वजनिक मालकीची. कोलकात्याचे विवेकानंद युवा भारती क्रीडांगण पश्चिम बंगाल सरकारचे, फातोर्ड्याचे पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियम गोव्याच्या क्रीडा प्राधिकरणाचे, कोचीचे तेथील विकास प्राधिकरणाचे. या स्पर्धेच्या निमित्ताने गवत, प्रकाशझोत, खेळाडूंच्या खोल्या, सरावाची मैदाने यांवर मोठा खर्च झाला. त्याचा लाभ पुढेही मिळाला. २०२२ मध्ये मुलींच्या विश्वचषकाचे सामने भुवनेश्वरबरोबरच मडगाव आणि नवी मुंबई येथे होऊ शकले. त्याच वर्षाच्या आरंभी महिलांची आशियाई चषक स्पर्धा मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाली. कोरोनाच्या लागणीमुळे यजमान भारताला मात्र त्यातून बाहेर पडावे लागले.

स्टेडियम बांधण्यास निधी मिळतो. ते राखण्यास मिळणे कठीण. उद्घाटनाची फीत एकदाच कापली जाते, गवत मात्र दर आठवड्याला कापावे लागते. शिवाय उत्पन्नासाठी मालक संस्थेला हीच जागा इतर कार्यक्रमांना द्यावी लागते. कोचीचे उदाहरण बोलके आहे. विश्वचषकासाठी तयार केलेल्या हिरवळीवर २०१८ मध्ये भारत आणि वेस्ट इंडिज यांचा एकदिवसीय क्रिकेट सामना घेण्याचे घाटत होते. हिरवळ खणली जाणार या कल्पनेने फुटबॉलप्रेमींनी विरोध केला आणि अखेर तो सामना तिरुवनंतपुरमला हलविण्यात आला. या वादात निर्णय महासंघाच्या हाती नव्हता, कारण मैदान त्याचे नव्हते.

सरकारी साहाय्याला आणखी एक मर्यादा आहे. सदस्य संघटनेच्या कारभारात बाहेरचा हस्तक्षेप फिफाला मान्य नाही. निवडणूक रखडल्यामुळे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये महासंघावर प्रशासकांची समिती नेमली. ऑगस्टच्या मध्यास फिफाने भारताला निलंबित केले. त्या वेळी गोकुलम केरळचा महिला संघ आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचला होता. त्या खेळाडूंना एकही सामना न खेळता परतावे लागले. समितीचा अधिकार संपुष्टात आल्यावर २६ ऑगस्ट रोजी निलंबन उठले आणि सप्टेंबरमध्ये कल्याण चौबे अध्यक्षपदी निवडून आले. फिफाकडून येणारा निधीही लहान नाही. २०२३ ते २०२६ या काळासाठी प्रत्येक सदस्य संघटनेला कारभार आणि प्रकल्पांसाठी मिळून ८० लाख डॉलरपर्यंत साहाय्याची तरतूद होती.

महासंघाचा मोठा आधार होता तो व्यापारी हक्कांचा. २०१० मध्ये १५ वर्षांसाठी ७०० कोटी रुपयांचा करार झाला आणि त्यातूनच २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली. हा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपला. तत्पूर्वीच लीगचा नवा हंगाम लांबणीवर पडला, काही क्लबांनी खेळाडूंचे वेतन थांबविले आणि नव्या भागीदारासाठी काढलेल्या निविदेला एकही बोली आली नाही. अखेर केंद्रीय क्रीडामंत्री मनसुख मांडविया यांना मध्यस्थी करावी लागली आणि १४ फेब्रुवारी २०२६ पासून लीग सुरू होईल, अशी घोषणा त्यांनी जानेवारीत केली. एकाच कंत्राटावर विसंबून राहण्याची जोखीम महासंघाच्या ध्यानी फार उशिरा आली, असे म्हणावे लागते.

दरम्यान काही राज्यांनी आपापल्या परीने पावले उचलली आहेत. ओडिशाने भुवनेश्वर येथे फिफा आणि महासंघाच्या प्रबोधिनीला बळ दिले. नोव्हेंबर २०२३ मध्ये आर्सेन वेंगर यांच्या उपस्थितीत तिचे उद्घाटन झाले. गोव्यात राज्य सरकारची फुटबॉल विकास परिषद आहे. महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०२५ मध्ये लिओनेल मेस्सी यांच्या मुंबई भेटीच्या वेळी ‘महादेवा’ हा १३ वर्षांखालील मुलामुलींसाठीचा उपक्रम सुरू केला.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा मंजूर केला. महासंघांना मान्यता देण्यासाठी राष्ट्रीय क्रीडा मंडळ आणि वाद सोडविण्यासाठी न्यायाधिकरण यांची तरतूद त्यात आहे. केंद्र किंवा राज्य सरकारचे अनुदान घेणारी संस्था त्या अनुदानाच्या विनियोगापुरती माहितीच्या अधिकाराच्या कक्षेत येईल, असेही कायदा म्हणतो. वर्षाला १० लाख रुपये वा अधिक सरकारी साहाय्य घेणारे महासंघ २०१० पासूनच सार्वजनिक प्राधिकरण मानले जात होते. नव्या कायद्याने ही कक्षा अनुदानाच्या हिशेबापुरती आखून दिली आहे. त्यामुळे सराव शिबिरावर सरकारी तिजोरीतून किती खर्च झाला, हे कोणत्याही नागरिकास विचारता येईल. फिफाच्या डॉलरांचा वा हक्कविक्रीच्या कोट्यवधींचा हिशेब या तरतुदीखाली मागता येणार नाही.