पऱ्हे, परी आणि मॉडेलांची बेरीज

मागच्या रोवणीच्या वेळी आईने फोनला विचारलं, "पऱ्हे पिवळे काहून पडले?" फोनने लिहिलं, "परी पिवळी". हसलो खूप, पण मग वाटलं, याला आपली झाडीबोली शिकवता येईल का? आणि शिकवली तर आधीचं विसरेल का?

हा प्रश्न जुना आहे. 1989 मध्ये मॅक्लॉस्की आणि कोहेन यांनी एका छोट्या न्यूरल नेटवर्कला आधी एक मिळवायच्या बेरजा शिकवल्या, मग दोन मिळवायच्या. दुसऱ्या आल्या, पहिल्या गेल्या!

म्हणून लोकांनी सोपा मार्ग धरला: प्रत्येक कामाला वेगळं मॉडेल. पुण्याच्या एलथ्रीक्यूब गटाने 2021-22 मध्ये मराठीसाठी हेच केलं. ट्वीटचा सूर ओळखायला महासेंट, नावं-गावं ओळखायला महाएनईआर, द्वेष ओळखायला महाहेट. कामं उत्तम. पण अशी दहा मॉडेलं आपल्या फोनमध्ये मावणार कशी?

2022 च्या शेवटी गॅब्रिएल इल्हार्को आणि सहकाऱ्यांनी गंमत केली. शिकवलेल्या मॉडेलच्या आकड्यांतून मूळ मॉडेलचे आकडे वजा करा. उरतं ते फक्त नवं शिक्षण. अशी दोन-चार शिक्षणं मूळ मॉडेलमध्ये मिळवा, झालं! अट एकच, सगळ्यांचं मूळ एक हवं.

पण चिन्नोरच्या पोत्यात साधा तांदूळ मिसळला की भात होतो, वास जातो. इथंही तसंच. एका कामाला एखादा आकडा वाढायला हवा, दुसऱ्याला तोच कमी व्हायला हवा. सरासरी काढली की दोघांचंही शिक्षण पुसलं.

2023 मध्ये प्रतीक यादव आणि सहकाऱ्यांनी 'टाइज' पद्धत आणली. प्रत्येक मॉडेलमधले सगळ्यात मोठे बदल, साधारण 20 टक्के, ठेवायचे, बाकी शून्य. मग प्रत्येक आकड्यापाशी वाढ जड की घट, ते बघायचं आणि जिंकलेल्या बाजूचीच सरासरी घ्यायची. भांडण बरंच मिटतं.

मला खटकतं ते इथंच. जिंकते ती जड बाजू. झाडीबोलीचं रेकॉर्डिंग थोडं, त्यातून झालेले बदल हलके राहिले, तर बाजू ठरवताना पहिले तेच हरणार. बेरीज करताना एखाद्या कामाचं वजन मुद्दाम वाढवता येतं, ती सोय आहे. पण ते वाढवायचं कुणी ठरवायचं? आणि त्याआधी पऱ्हे, बांधी, रोवणी हे शब्द आमच्या आवाजात कुणीतरी रेकॉर्ड करायला हवेत. आईचा आवाज मी कालपासून सुरू केलाय.