मुक्तिसदन आणि छप्पनचा दुष्काळ

मुक्तिसदन आणि छप्पनचा दुष्काळ (१८९९–१९००) : बडोदे संस्थानासह सगळ्या गुजरातेला ग्रासणाऱ्या दुष्काळात निराधार झालेल्या मुलींना पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे दिलेला आश्रय. उपासमारीने आईबाप गमावलेल्या एका बाईने ख्रिस्ती श्रद्धेच्या बळावर दुसऱ्यांच्या उपासमारीला कसे तोंड दिले, याचे मराठी मुलखातील हे सर्वांत ठळक उदाहरण.

विक्रम संवत १९५६ मध्ये पावसाने दगा दिला. गुजरातेत त्या काळाला आजही ‘छप्पनियो’ म्हणतात. १८९१ च्या जनगणनेत बडोदे संस्थानाची लोकसंख्या २४ लाख १५ हजार होती, ती १९०१ मध्ये १९ लाख ५२ हजारांवर आली. घटलेली सगळीच माणसे मेली असे नव्हे, कित्येक देशोधडीला लागली. १९०० च्या उन्हाळ्यात दुष्काळी छावण्यांत पटकीची साथ पसरली. हा दुष्काळ नुसता आभाळाने आणलेला नाही, सरकारी शेतसाराही त्याला कारण आहे, असे व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनला उघड पत्रांतून सुनावणारे रमेशचंद्र दत्त पुढे १९०४ मध्ये बडोद्याचेच महसूलमंत्री झाले.

रमाबाईंना दुष्काळ ऐकून नव्हे, भोगून ठाऊक होता. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणे सांगत कुटुंबाला घेऊन तीर्थोतीर्थी हिंडत. मद्रास इलाख्यातील दुष्काळात दागिने आणि भांडी विकून झाली. हातांनी काम करण्याची सवय नव्हती आणि भीक मागायची लाज वाटे. शेवटी हे कुटुंब रानात शिरले आणि झाडपाला व रानखजुरावर अकरा दिवस काढले. आंधळ्या म्हाताऱ्या वडिलांनी जलसमाधीचा निश्चय केला, तेव्हा थोरल्या भावाने, श्रीनिवासने, ब्राह्मणपणाचा अभिमान सोडून मजुरी करायची तयारी दाखवली. वडील १८७४ मध्ये गेले, त्यांच्या पाठोपाठ आई आणि थोरली बहीण. भाऊ १८८० मध्ये वारला आणि पती बिपिन बिहारी मेधावी १८८२ मध्ये पटकीने. तेव्हा मुलगी मनोरमा वर्षाचीही नव्हती.

इंग्लंडमध्ये वाँटेज येथे २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला. मात्र रमाबाईंची श्रद्धा मान तुकवणारी नव्हती. तिथल्या अँग्लिकन मठातील भगिनींशी त्यांनी पत्रांतून धर्ममतांवर खडाजंगी केली, आहार शाकाहारीच ठेवला आणि आपल्या विवेकावर कोणत्याही चर्चची मालकी मानली नाही. त्यांच्या धैर्याचे मूळ या हट्टीपणातही शोधावे लागते. नुसती ‘श्रद्धाळू’ म्हणून त्यांची बोळवण करणाऱ्या चरित्रकारांना त्या पुरत्या कळल्या नाहीत.

रमाबाईंनी मुंबईत ११ मार्च १८८९ रोजी सुरू केलेले विधवांचे निवासी विद्यालय, शारदासदन, पुढे पुण्याला आले. १८९३ मध्ये धर्मांतराच्या आरोपावरून तिथे वादळ उठले; न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागारपदावरून बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. १८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या. दुष्काळी आश्रयस्थानांतही मुली सुरक्षित नव्हत्या, त्यांना फूस लावून नेणारे टपलेलेच असत. हे त्यांनी लिहून जाहीर केले. आणलेल्या मुलींना प्लेगच्या निर्बंधांमुळे पुण्यात ठेवता येईना, म्हणून केडगावच्या जमिनीवर तंबू ठोकले गेले. मुक्तिसदन उभे राहिले ते असे.

गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा रमाबाईंनी सहकारी स्त्रियांना तिकडे पाठवले. त्यांतल्या काही पूर्वीच्या दुष्काळातून वाचलेल्या होत्या. खंगलेल्या मुलींना आगगाडीने केडगावपर्यंत आणायचे, आल्यावर त्यांना हळूहळू अन्नाची सवय लावायची, खरजेवर आणि डोळ्यांच्या दुखण्यावर उपचार करायचे, असे ते काम होते. वर्षभरात आश्रमाची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. ठरलेल्या वर्गणीची हमी नव्हती. ब्रिस्टलला अनाथाश्रम चालवणाऱ्या जॉर्ज म्युलरप्रमाणे प्रार्थना आणि येईल त्या देणगीवर भिस्त होती. ती आंधळी मात्र नव्हती. आश्रमात विहिरी खणल्या, शेती केली, माग चालवले, छापखाना घातला. अंध मुलींना मनोरमा ब्रेल शिकवीत. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन हा वेगळा विभाग होता.

या कामावरचा आक्षेप जुना आहे : भुकेल्याला अन्नाबरोबर धर्म दिला, तर त्याची संमती कितपत खरी मानायची? आक्षेप निराधार नाही. आश्रमातले वातावरण उघडपणे ख्रिस्ती होते आणि या मुलींच्या वतीने जाब विचारायला पालकही उरले नव्हते. पण या मुलींच्या बाबतीत दुसरा पर्याय बहुधा मृत्यूचा किंवा कुंटणखान्याचा होता, हे आक्षेप घेणाऱ्यांनी क्वचितच हिशेबात धरले.

पुढे बहिरेपणाने ग्रासलेल्या रमाबाई हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे साध्या मराठीत भाषांतर करीत राहिल्या. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा वारल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये केडगावच्या त्याच छापखान्यातून बाहेर पडले. संस्था ‘पंडिता रमाबाई मुक्ती मिशन’ या नावाने आजही पुणे–दौंड मार्गावरील केडगावला चालू आहे.