मुलुंडच्या प्रयोगशाळेतून फुटलेल्या दोन वाटा

मुलुंड पश्चिमेला, लालबहादूर शास्त्री मार्गावर, हेक्स्ट या जर्मन कंपनीचे संशोधन केंद्र १९७० च्या दशकाच्या आरंभी उभे राहिले आणि भारतीय वनस्पतींचे अर्क एकामागून एक तपासून त्यांतून नवी औषधे शोधण्याचे काम तेथे पद्धतशीरपणे सुरू झाले. या केंद्राच्या इतिहासात दोन वनस्पतींना विशेष स्थान आहे, कारण त्यांपैकी एक पुढे आहारपूरकांच्या बाजारात गेली, तर दुसरी कर्करुग्णांवरील चाचण्यांपर्यंत पोचली.

पहिली वनस्पती कोलियस फोर्स्कोली, म्हणजेच गरमर, जिची मुळे उपनगरांतील गुजराती घरांत लोणच्यासाठी घेतली जातात. या मुळांतून फोर्स्कोलिन हे रक्तदाब उतरवणारे द्रव्य वेगळे करून मुलुंडच्या संशोधकांनी १९७७ साली त्याची रचना प्रसिद्ध केली. अ‍ॅडेनिलेट सायक्लेज हे विकर, म्हणजे पेशीतील रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, फोर्स्कोलिन थेट उद्दीपित करते, हे अमेरिकेत १९८१ साली दाखवले गेल्यावर जगभरच्या प्रयोगशाळांत त्याचा वापर होऊ लागला. पुढे मात्र याच मुळांचा अर्क वजन घटवणाऱ्या कॅप्सूलांतून विकला जाऊ लागला, आणि त्या दाव्यामागचा पुरावा आजही तोकडा आहे.

दुसरी हकिगत अधिक बोधप्रद आहे. सह्याद्रीतही आढळणाऱ्या डायसॉक्सिलम बायनेक्टारिफेरम या वृक्षातील रोहितुकिन या द्रव्यावरून केंद्राने फ्लेव्होपिरिडॉल हे संयुग घडवले. पेशींचे विभाजन पुढे नेणाऱ्या ‘सीडीके’ विकरांना रोखणाऱ्या संयुगांपैकी माणसांवर चाचणी झालेले ते पहिलेच होय. आरंभीच्या चाचण्यांत ते ७२ तास संथपणे शिरेतून दिले गेले, तरी फारसा गुण आला नाही, कारण मानवी रक्तातील प्रथिनांना ते इतके चिकटून राहते की कार्यक्षम, मोकळे द्रव्य अपुरे उरते. मग मात्रेचा एक भाग अर्ध्या तासात आणि उरलेला पुढील ४ तासांत, अशी आखणी केल्यावर दीर्घकालीन लिम्फोसायटिक रक्तकर्करोगाच्या काही रुग्णांत परिणाम दिसला. पण कर्कपेशी एकाच वेळी फुटून रक्तातील पोटॅशियम धोकादायक पातळीला जाण्याचे प्रकारही घडले.

औषध तेच, पण रक्तातील पातळी बदलताच गुण आणि धोका दोन्ही बदलले, हे ध्यानात घेता पूरकांविषयीची बेफिकिरी फार खटकते. भारतात २०१६ च्या नियमांनुसार पूरकांच्या वेष्टनावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असे छापावे लागते. यकृताला मात्र हा भेद ठाऊक नसतो. गरमरचा अर्क दिलेल्या उंदरांच्या यकृतात औषधांचे विघटन करणारी सायटोक्रोम पी-४५० विकरे वाढल्याचे जपानी संशोधकांना आढळले आहे. सेंट जॉन्स वर्ट या युरोपीय वनस्पतीबाबत तर प्रत्यक्ष रुग्णांतील पुरावा उपलब्ध आहे: इरिनोटेकन या कर्करोगावरील औषधाबरोबर ती घेतल्यास औषधाच्या क्रियाशील रूपाचे रक्तातील प्रमाण ४२ टक्क्यांनी घटते, असे नेदरलँड्समधील संशोधकांनी २००२ साली दाखवले. अशी घट नेहमीच्या रक्ततपासणीत दिसत नाही, त्यामुळे रुग्णाने कॅप्सूलचा उल्लेखच केला नसेल, तर औषध लागू पडत नाही असे समजून उपचार बदलले जाण्याची शक्यता उरते.