एका ओळीचा मृत्युलेख

पितरांची तिथी ठाऊक आहे, पण त्यांच्या मृत्यूचे साल ठाऊक नाही, अशी स्थिती महाराष्ट्रातील पुष्कळ कुटुंबांची आहे. पितृपक्षात पंचमीस आजोबांचे पान वाढावयाचे आणि अष्टमीस चुलतआजोबांचे, हे घरातील वडील मंडळी न चुकता सांगतात. परंतु आजोबा कोणत्या वर्षी वारले असे विचारताच ती एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. श्राद्धात पिता, पितामह आणि प्रपितामह अशा तीन पिढ्यांचा उच्चार होतो, आणि आपली कुलस्मृतीही बहुधा तेथेच थांबते. धर्माने दिवस राखला, वर्ष राखले नाही. त्यातही पतीच्या हयातीत वारलेल्या स्त्रीचे श्राद्ध अविधवा नवमीस, शस्त्राने किंवा अपघाताने मेलेल्याचे चतुर्दशीस आणि ज्याची तिथीच ठाऊक नाही त्याचे सर्वपित्री अमावास्येस, अशी व्यवस्था असल्यामुळे कित्येकांच्या मृत्यूचा खरा दिवसही विसरला जातो. कुळाचा इतिहास लिहू इच्छिणाऱ्यास पहिली अडचण पडते ती ही.

थोरांच्या बाबतीत ही अडचण नाही. देशमुखांच्या घराण्यांनी शकावल्या राखल्या. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेली जेधे शकावली हे त्याचे ठळक उदाहरण होय. इंग्रजी अमदानीत हे काम वर्तमानपत्रांनी पत्करले. आगरकर १८९५ साली, रानडे १९०१ साली आणि गोखले १९१५ साली निवर्तले, तेव्हा टिळकांनी 'केसरी'त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिले. १८४९ पासून निघणारे 'ज्ञानप्रकाश' आणि १९३२ साली निघालेला 'सकाळ' यांच्या जुन्या अंकांतूनही वकील, शिक्षक, व्यापारी, कीर्तनकार अशा अनेकांच्या निधनवार्ता सापडतात. ज्यांचे पूर्वज पुण्याच्या पेठांत नांदले, त्यांनी या फायली अवश्य चाळाव्यात. परंतु ज्यांचे पूर्वज शहराबाहेर नांगर धरून होते, त्यांच्यावर मृत्युलेख कोणी लिहावयाचा?

उदाहरणार्थ, पुणे जिल्ह्यातील रहाटणी हे गाव घ्या. पवनाकाठच्या पट्ट्यातील हे हवेली तालुक्यातील शेतकऱ्यांचे गाव आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या पोटात सामावून गेले आहे. नखाते वस्ती, कोकणे चौक अशा नावांवरून या परिसरातील जुन्या कुळांची ओळख पटते; परंतु त्या कुळांतील पणजोबा कधी आणि कशाने वारले, हे चौकाची पाटी सांगत नाही. जवळच्याच चिंचवडच्या चापेकर बंधूंच्या मृत्यूच्या तारखा आपणांस नेमक्या ठाऊक आहेत. दामोदर हरी १८ एप्रिल १८९८ रोजी फाशी गेले, वासुदेव ८ मे १८९९ रोजी आणि बाळकृष्ण त्याच महिन्याच्या १२ तारखेस. ज्यांना सरकारने फाशी दिले त्यांची नोंद सरकारनेच चोख ठेवली. जे तापाने अंथरुणावर गेले त्यांची नोंदही सरकारने ठेवली, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही.

ती नोंद म्हणजे गावचे जन्ममृत्यूचे पुस्तक. महसुली दप्तरात यास गाव नमुना नंबर १४ म्हणतात. लोकांच्या तोंडी त्याचे नाव 'कोतवाल बुक' असे आहे. गावात कोणी जन्मले किंवा मेले की ती खबर गावकामगारांकडे यावी आणि पुस्तकात चढावी, असा रिवाज होता. इंग्लंडात मृत्यूची सरकारी नोंद १८३७ साली सुरू झाली. आपल्याकडे जन्ममृत्यूच्या नोंदणीचा कायदा १८८६ चा, आणि तोही ऐच्छिक स्वरूपाचा. तथापि खेड्यातील पुस्तक त्या कायद्यावर विसंबून नव्हते. ते महसुली कारभाराचाच एक भाग होते. मृताचे नाव, जात, वय, मृत्यूची तारीख आणि कारण, एवढी माहिती एका ओळीत येई. ज्याच्यावर कोणीही लेख लिहिला नाही, त्याचा हा एका ओळीचा मृत्युलेख.

तो वाचणे मात्र सोपे नाही. जुन्या नोंदी बहुधा मोडीत आहेत, आणि मोडी वाचणारे आता थोडे राहिले आहेत. आडनाव पुष्कळदा नसतेच. पुरुषाची ओळख 'अमुक वलद तमुक' अशी बापाच्या नावाने, आणि विवाहित स्त्रीची 'अमकी कोम तमका' अशी नवऱ्याच्या नावाने. एकाच गावात त्याच नावाचे दोघे असू शकतात, म्हणून केवळ नाव जुळले एवढ्याने भागत नाही. वय, बापाचे नाव आणि पुढच्या-मागच्या नोंदी ताडून पाहाव्या लागतात. बारसे होण्याआधीच गेलेल्या अर्भकाची नोंद तर नावावाचून असावयाची. घरातील तिथीचा उपयोग येथे होतो. वर्षश्राद्धाचा महिना व तिथी ठाऊक असेल आणि साल दहापाच वर्षांच्या अंतरात आणता आले, तर जुन्या पंचांगांवरून त्या तिथीच्या इंग्रजी तारखा काढाव्यात आणि पुस्तकात त्या तारखांपाशी शोध करावा. घराने दिवस राखला आहे, पुस्तकाने वर्ष राखले आहे. दोहोंची गाठ पडली म्हणजे पूर्वज सापडतो.

मृत्यूच्या कारणाचा रकाना हा त्याहून बोलका आहे, पण तो सावधपणे वाचावा. पटकी, देवी, प्लेग, अतिसार, इजा आणि ताप, अशी मोजकी सदरे असत. ज्याचे निदान झाले नाही तो तापात जाई. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली, पण गावोगावच्या पुस्तकांत त्यांतील असंख्य मृत्यू तापाच्या सदरातच दडले आहेत. ऑक्टोबर १९१८ च्या पानांवर एकाच घरातील दोनतीन नावे लागोपाठ आली, तर 'ताप' या शब्दाचा अर्थ काय हे सांगावयास नको. प्लेगच्या दिवसांत उलट प्रकार घडला. घरझडती आणि विलग ठेवण्याची सक्ती यांच्या भीतीने लोक आजारी लपवीत, मृत्यूही लपवीत. म्हणून १८९७ च्या सुमारास नोंद सापडली नाही, तर माणूस वारलाच नाही असे समजू नये.

नोंद न सापडण्याचे आणखी एक कारण आहे. मृत्यू जेथे घडतो तेथे तो नोंदला जातो, माणूस जेथला त्या गावी नव्हे. पुण्याच्या ससून रुग्णालयात गेलेल्या रहाटणीकराची नोंद पुणे शहराच्या दप्तरात मिळावयाची, मुंबईच्या गिरणीत राबून तेथेच वारलेल्याची मुंबई महानगरपालिकेत आणि वारीच्या वाटेवर पटकीने गेलेल्याची वाटेवरच्या एखाद्या गावी. याहून दूर गेलेल्यांची गत अधिक वाईट झाली. पहिल्या महायुद्धात पुण्याच्या नावाची सहावी डिव्हिजन मेसोपोटेमियात लढली आणि तीत मराठा पलटणीही होत्या. त्या मोहिमेतील मृतांसाठी बसऱ्यास जे स्मारक झाले त्यावर गोऱ्या शिपायांची नावे कोरली गेली. सामान्य हिंदी शिपायांची मात्र पलटणवार संख्याच तेवढी कोरण्यात आली. साम्राज्याने दगडावर जे नाव कोरले नाही, तसले नाव गावचे पुस्तक एका ओळीत का होईना लिहून ठेवीत असे.

मयताची वार्ता दुसऱ्या एका दप्तरातही उतरते. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी सुरू झाली. तेव्हापासून खातेदार वारला की वारसांची नावे फेरफारात चढू लागली. येथे फेरफाराची तारीख ही मृत्यूची तारीख नव्हे. दोहोंत कित्येक वर्षांचे अंतर पडलेले असू शकते. १९५६ च्या वारसा कायद्यापूर्वीच्या फेरफारांत मुलींची नावे क्वचितच दिसतात, त्यामुळे कुळाची वंशावळ केवळ जमिनीच्या कागदांवरून काढली तर निम्मे कूळ गळून पडते. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्तान अँटिबायॉटिक्सचा कारखाना उभा राहिला, मागोमाग औद्योगिक वसाहत आली, १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण झाले, आणि या पट्ट्यातील जमिनीस सोन्याचे मोल आले. तेव्हा पुष्कळ घरांनी पणजोबांची मयत-नोंद प्रथमच शोधली. शोध जिव्हाळ्याचा असो वा हिश्श्याचा, वाट एकच होती.

अगदी अलीकडे या पुस्तकांस निराळेच महत्त्व आले. कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि तालुक्यातालुक्यांतून कोतवाल बुके बाहेर निघाली. इतर मागास वर्गाच्या दाखल्यास १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. म्हणून शंभर वर्षांपूर्वी वारलेल्या पणजोबांच्या ओळीतील जातीचा रकाना आज पणतवाच्या शिक्षणाशी आणि नोकरीशी जोडला गेला आहे. या प्रश्नाच्या राजकारणात आम्ही शिरत नाही. आम्हांस वाटते ते एवढेच, की जो माणूस केवळ जातीचा रकाना वाचून पुस्तक मिटतो, त्याने आपल्या पणजोबांस अर्धेच भेटून घेतले. ते किती वर्षे जगले, कशाने गेले, त्याच महिन्यात शेजारच्या घरांतील किती मुले गेली, हेही त्याच पानावर आहे.

आजची व्यवस्था अधिक शिस्तीची आहे. १९६९ च्या कायद्याने नोंदणी सक्तीची झाली आणि एकवीस दिवसांत खबर देण्याचे बंधन आले. खेड्यात ग्रामपंचायत आणि रहाटणीसारख्या शहरात आलेल्या गावी महानगरपालिका हे काम पाहते. मात्र या कायद्यान्वये मिळणाऱ्या उताऱ्यात मृत्यूचे कारण देत नाहीत. घरच्या दुखण्याचा बोभाटा होऊ नये म्हणून हे ठीकच आहे; पण त्यामुळे उद्याच्या पणतवास आपल्या काळाचा दाखला जुन्या पुस्तकापेक्षा मुका मिळणार आहे. तेवढी उणीव घरानेच भरून काढली पाहिजे.

तेव्हा वाचकांस आमची विनंती अशी. घरातील वृद्ध मंडळी हयात आहेत तोवर प्रत्येक पितराचे नाव, तिथी, गाव, दुखणे आणि विशेषतः स्त्रियांची माहेर-सासरची दोन्ही नावे एका वहीत उतरून घ्यावीत. मग तहसील कचेरीतून जुन्या पुस्तकाची नक्कल मागावी आणि ती त्याच वहीस जोडावी. कागदास वाळवी लागते, मोडी जाणणारे कमी होत आहेत, आणि गावाचे शहर झाले की जुने दप्तर कोठे हलले हे सांगणारेही मिळत नाहीत. रहाटणीच्या शेतांवर आज इमारती उभ्या आहेत. ती शेते ज्यांनी कसली त्यांस स्मारक नाही, चरित्र नाही, छायाचित्रही बहुधा नाही. त्यांच्या नावाची एक ओळ आहे. ती त्यांच्याच वंशजांनी वाचावयाची राहिली आहे.