पीठ घरचे, भट्टी बाहेरची : नानकटाईचा सामाजिक इतिहास

१/१२
दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात महाराष्ट्रातील अनेक शहरांत बेकरीसमोर रांग लागत असे. घरी तूप-साखर फेसून, मैदा व रवा घालून मळलेले पीठ डब्यातून बेकरीत नेले जाई. तेथे गोळे पत्र्याच्या ट्रेवर मांडले जात, भाजण्याची मजुरी दिली जाई आणि नानकटाईने भरलेला डबा घरी परते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही ही प्रथा सर्रास होती.

२/१२
वरवर साध्या दिसणाऱ्या या प्रथेमागे एक प्रश्न आहे. ज्या समाजात १८९० साली चहा-बिस्किटांवरून मान्यवरांना प्रायश्चित्ताला सामोरे जावे लागले, त्याच समाजातील घरांनी सणाचा फराळ परक्याच्या भट्टीत कसा दिला?

३/१२
प्रथम एक गैरसमज दूर करू. बंद उष्णतेत भाजण्याची कला युरोपीयांनी येथे आणली, असे नाही. कोकणातील काकडीचे धोंडस किंवा कायस्थ प्रभू घरांतील भानोले यांसाठी भांड्याखाली विस्तव आणि झाकणावर निखारे ठेवले जात. विदर्भातील रोडगे गोवऱ्यांच्या आरात भाजले जातात. या साऱ्याला मराठीत एकच क्रियापद पुरते : भाजणे.

४/१२
नवीन होता तो आंबवलेल्या पिठाचा पाव आणि त्यासाठी लागणारी मोठी भट्टी. ‘पाव’ हा शब्दच पोर्तुगीज. गोवा १५१० साली आणि वसई १५३४ साली पोर्तुगीजांकडे गेली. येथे पाश्चात्त्य पद्धतीचे खमीर नव्हते, म्हणून पीठ फुगवण्यासाठी माडाची माडी वापरली गेली. पाव भाजणारा ‘पोदेर’ गोव्याच्या गावजीवनाचा घटक झाला.

५/१२
गोव्याच्या ख्रिस्ती घरांत भाजण्याचे काम दोन ठिकाणी विभागले गेले. रोजचा पाव पोदेराकडून येई. सणाची बेबिंका घरीच होई. नारळाचे दूध, अंडी, साखर, तूप व मैदा यांचा एकेक थर ओतायचा, वरून निखाऱ्यांची आच द्यायची, तो तांबूस झाला की पुढचा थर. तंत्र धोंडसाच्या जवळचे, जिन्नस मात्र दोन संस्कृतींचे.

६/१२
हिंदू समाजात पावाला धर्मांतराची छाया चिकटली. विहिरीत पाव टाकून गावेच्या गावे बाटवल्याच्या कथा कोकणपट्टीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. त्यांची ऐतिहासिक सत्यता हा वेगळा विषय. परंतु पावाविषयीची भीती किती खोल होती, हे त्या नेमके दाखवतात.

७/१२
ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने जमलेल्यांपुढे चहा व बिस्किटे ठेवण्यात आली. न्या. रानडे आणि टिळक दोघेही उपस्थित होते. काहींनी चहा घेतला, काहींनी केवळ यजमानांचा मान राखला. गोपाळराव जोशी यांच्या पुढाकाराने उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’मध्ये छापून आली आणि ग्रामण्य उभे राहिले.

८/१२
प्रकरण शंकराचार्यांच्या पीठापर्यंत गेले. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले आणि त्याबद्दल सुधारकांची टीकाही सोसली. रमाबाई रानड्यांच्या आठवणींत या प्रसंगाची घरात उमटलेली बाजू दिसते. बहिष्काराचा अर्थ केवळ सभेपुरता नव्हता. श्राद्धाला ब्राह्मण मिळणे, लेकीबाळींचे येणे-जाणे, सोयरीक, सारे त्यावर अवलंबून होते.

९/१२
आक्षेप पिठाला किंवा साखरेला नव्हता. तो कोणी मळले, कोणाचे पाणी लागले आणि कोणाच्या हातून मिळाले याला होता. सोवळ्याच्या विचारात पाण्यात शिजलेले अन्न सर्वांत नाजूक; तुपातले किंवा दुधातले त्या मानाने सुरक्षित. नानकटाईच्या पिठात मुळात पाणी नसते. अंडे व खमीरही टाळता येते. मळणारा हात तर घरचाच.

१०/१२
या पदार्थाचे मूळही मिश्रच. ‘नान’ हा फारसी शब्द. जन्मकथा सुरतेतील डच वखारीच्या बेकरीशी आणि ती पुढे चालवणाऱ्या पारशी बेकऱ्यांशी जोडली जाते. मुंबई-पुण्यातील भट्ट्या बहुतांशी इराणी, मुसलमान आणि गोवेकर ख्रिस्ती बेकऱ्यांच्या. विटांची भट्टी पाव निघाल्यावरही बराच काळ तापलेली राहते आणि नानकटाईला अशीच उतरती, मंद आच मानवते. चुलीच्या घरात ती मिळणे कठीण. म्हणून तडजोड झाली : पीठ घरचे, आच बाहेरची.

११/१२
पुढे आच घरात आली. झाकणाला काच असलेला ॲल्युमिनियमचा गोल विजेचा ओव्हन मध्यमवर्गीय घरांत दिसू लागला. ज्यांच्याकडे तो नव्हता, त्यांनी कुकरची शिटी काढून, तळाशी वाळू किंवा मीठ पसरून केक भाजला. अंड्याऐवजी कंडेन्स्ड मिल्क आले. मुलांच्या वाढदिवसाला औक्षणाच्या तबकाशेजारी केक ठेवला जाऊ लागला आणि बेकरीसमोरची रांग आखडत गेली.

१२/१२
या रांगेला सलोख्याचे प्रतीक ठरवण्याचा मोह होतो. तो आवरायला हवा. सवर्ण घरांनी बेकरीवाल्याची आच स्वीकारली. त्याच्या घरचे जेवण स्वीकारलेच असे नाही, आणि दलितांसाठी त्याच स्वयंपाकघरांचे दार बहुधा बंदच राहिले. तरीही १८९० च्या मानाने एक रेषा निश्चित सरकली होती. ती सरकवताना ठराव झाला नाही, सभा भरली नाही. घराघरांतील बायकांनी काय चालेल आणि काय चालणार नाही हे पिठाचा डबा हातात घेऊन ठरवले. सुधारणेच्या इतिहासात या निर्णयांची नोंद क्वचितच सापडते.