लारिन पारास्के

फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथील हाकासाल्मी उद्यानांत इ. स. १९४९ मध्यें एका खेडवळ वृद्धेचा पुतळा बसविण्यांत आला. आल्पो साइलो या शिल्पकारानें तो घडविला. राजधान्यांच्या चौकांत राजे, सेनापती व मुत्सद्दी यांचे पुतळे आपण नेहमींच पाहतों. येथें ज्या बाईस हा मान मिळाला तिला लिहितांवाचतां येत नव्हतें, आणि तिचें घर तर तिच्या हयातींतच लिलावांत गेलें होतें. तिचें नांव लारिन पारास्के. तिच्या गाण्यांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. पण ज्या संसारांत तीं गाणीं झालीं त्यांतील एक गोष्ट आम्हांस गाण्यांइतकीच महत्त्वाची वाटते; ती म्हणजे तिनें सांभाळलेलीं परकीं मुलें.

पारास्केचा जन्म १८३३ च्या डिसेंबरांत इंग्रिया प्रांतांतील लेंपाला येथें झाला. हा प्रांत सेंट पीटर्सबर्गच्या भोंवतालचा. राज्य रशियाच्या झारचें, पण खेड्यांतून फिनिश व तिला जवळच्या भाषा बोलणाऱ्या लोकांची वस्ती मोठी. तिचें कुटुंब भूदासांचें, म्हणजे जमिनीच्या धन्याबरोबर ज्यांचाहि धनी बदलत असे अशांपैकीं होतें. १८५३ मध्यें लग्न होऊन ती सरहद्दीपलीकडे साक्कोला परगण्यांत वास्केला या गांवीं आली. फिनलंडहि त्या वेळीं झारच्याच छत्राखालीं होता; परंतु तेथील कायदा निराळा असून भूदासपणा तेथें नव्हता. तथापि या सरहद्दीवरील पुष्कळ जमिनी झारांनीं रशियन सरदारांस इनाम देऊन टाकल्या होत्या, आणि इनामदाराचें कूळ होऊन राहणें म्हणजे काय हें महाराष्ट्रीय वाचकांस विस्तारानें सांगावयास नको. नवरा वयानें बराच मोठा व प्रकृतीनें अशक्त. शेतांतलीं व बाहेरचीं बहुतेक कामें तिच्यावरच पडलीं. मालाच्या होड्या दोर लावून ओढण्याची मजुरीहि तिनें केली. तिला नऊ मुलें झालीं, त्यांतलीं तीनच हातीं लागलीं. १८८८ मध्यें नवरा वारला.

अशा संसारांत तिनें एकंदर सुमारें पन्नास अनाथ मुलें वाढविलीं. पीटर्सबर्ग येथें एक मोठें सरकारी अनाथगृह होतें. टाकून दिलेलीं अर्भकें तेथें इतकीं येत कीं सर्वांस शहरांत ठेवणें अशक्य होई. म्हणून तीं आसपासच्या खेड्यांतील बायांच्या हवालीं करीत आणि त्याबद्दल ठराविक वेतन देत. सरहद्दीच्या दोन्ही बाजूंच्या गरिबांस रोख पैसा दिसण्याचा हा एक मार्गच होता. तेव्हां पारास्केनें हीं मुलें निव्वळ दयाबुद्धीनें घेतलीं असें लिहिणें म्हणजे तिच्या चरित्रास संतचरित्राचा मुलामा देणें होय. तिला पैशाची गरज होती. पण वेतन घेतलें म्हणून सेवेचें मोल गेलें असें मानणारेहि आमच्या मतें तितकेच चुकतात. परिचारिका पगार घेते, शाळामास्तर पगार घेतो, म्हणून त्यांच्या कामास कोणी दुकानदारी म्हणत नाहीं. स्वतःचीं मुलें एकामागून एक मातीआड होत असतां परक्याचें तान्हें पदराखालीं घ्यावें, त्याच्या दुखण्याखुपण्यांत रात्री जागवाव्या, आणि असें एकदां नव्हे, पन्नास वेळां करावें, याची बरोबरी वेतनाच्या रुबलांनीं होते असें कोण म्हणेल?

आतां तिच्या गाण्यांकडे वळूं. एलियास ल्योनरोट यानें लोकगीतें जुळवून 'कालेवाला' हें महाकाव्य १८३५ मध्यें प्रथम छापलें, तेव्हां पारास्के जेमतेम सव्वा वर्षाची होती. त्या ग्रंथानें सुशिक्षित फिन लोकांस आपल्या भाषेची ओळख नव्यानें पटली, आणि जुने गायक शोधण्याची एक लाटच आली. साक्कोल्यास आडोल्फ नेओव्हिउस नांवाचा एक लूथरपंथी पाद्री होता. १८८७ पासून तो पारास्केजवळ बसून तिचीं गाणीं उतरून घेऊं लागला. ती स्वतः ऑर्थोडॉक्स पंथाची. त्या पंथाच्या खेड्यांत जुनीं गाणीं अधिक काळ टिकलीं होतीं. या गाण्यांची ओळ बहुधा आठ अक्षरांची असते. शब्दांच्या आरंभीं तोच वर्ण पुन्हां पुन्हां येतो, आणि मागच्या ओळींत सांगितलेली गोष्ट पुढची ओळ निराळ्या शब्दांत फिरून सांगते. त्यामुळें गाणारीस पुढचा चरण सुचण्यास अवधि मिळतो. जात्यावरच्या ओव्या ज्यांनीं ऐकल्या आहेत त्यांस यांतील मर्म सहज कळेल. पारास्केनें परंपरेचें पाठांतर तर राखलेंच, पण स्वतःच्या सुखदुःखाचे शब्दहि त्या वृत्तांत घातले. तिच्या तोंडून जमलेला संग्रह १३०० हून अधिक गीतांचा व सुमारें ३२००० ओळींचा आहे. शिवाय १७५० म्हणी व ३३६ कोडीं निराळींच. निरक्षर स्मरणशक्तीचा हा पसारा पाहून आम्ही तर थक्क होतों.

नेओव्हिउस पुढें पोर्वो या शहरीं गेला. त्याच्या पाठोपाठ १८९१ मध्यें तीहि तेथें गेली आणि १८९४ पर्यंत राहिली. हीं तिच्या कीर्तीचीं वर्षें. अल्बर्ट एडेलफेल्ट व एरो यार्नेफेल्ट या दोघां नामांकित चित्रकारांनीं १८९३ मध्यें तिचीं चित्रें काढलीं. तरुण संगीतकार जान सिबेलिउस तिचें गाणें ऐकण्यास आला. त्याचा 'कुल्लेर्व्हो' हा प्रबंध १८९२ च्या एप्रिलांत हेलसिंकी येथें प्रथम वाजविला गेला. त्यावर पारास्केच्या गाण्याची छाया किती पडली याविषयीं जाणत्यांत वाद आहे. त्यांत आम्ही पडत नाहीं. मात्र एक योगायोग नजरेंतून सुटत नाहीं. कुल्लेर्व्हो हा 'कालेवाला'मधील वैऱ्याच्या घरीं छळांत वाढलेला व पुढें गुलाम म्हणून विकला गेलेला मुलगा. आणि त्याची कथा सुरांत बांधूं पाहणारा संगीतकार जिच्यापुढें बसला होता, तिनें परक्यांचीं पन्नास मुलें आपल्या घरीं वाढविलीं होतीं.

रशियाच्या सत्तेखालीं असलेल्या त्या लहान राष्ट्रास आपल्यापाशींहि प्राचीन काव्य आहे याचा जिवंत पुरावा हवा होता. तो पारास्केच्या रूपानें सांपडला. पुरावा म्हणून तिचा गौरव झाला. माणूस म्हणून तिची तजवीज करण्याचें भान मात्र उशीरा आलें. ती वास्केल्यास परतली तेव्हां कराची बाकी वाढतच होती. १८९९ मध्यें तिचें घर लिलावांत निघालें. १८३१ मध्यें स्थापन झालेल्या फिनिश साहित्य संस्थेनें १९०१ पासून तिला वर्षास १०० मार्कांचें निवृत्तिवेतन दिलें. तें तिला तीन वर्षेंहि पुरतें लाभलें नाहीं. ३ जानेवारी १९०४ रोजीं ती वारली.

तिचीं गीतें पुढें 'सुओमेन कान्सान वान्हात रुनोत' या १९०८ ते १९४८ या काळांत निघालेल्या ३३ खंडांच्या प्रचंड संग्रहांत समाविष्ट झालीं. तो पुरा होण्यापूर्वींच, १९४४ मध्यें, साक्कोला परगणा युद्धांत सोव्हिएत रशियाकडे गेला आणि तेथील फिन लोकांस घरेंदारें सोडून निघावें लागलें. साक्कोला गांवाचें रशियन नांव आतां ग्रोमोवो असें आहे.