मोटारसायकल मेळाव्यातील संगीत आणि प्रादेशिक परंपरा : स्टर्जिस मेळाव्याच्या इतिहासाच्या संदर्भात

प्रस्तावना

अमेरिकेच्या दक्षिण डाकोटा राज्यातील स्टर्जिस हे गाव जेमतेम सात हजार वस्तीचे आहे. दरवर्षी ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात सुमारे दहा दिवस तेथे मोटारसायकलस्वारांचा मेळावा भरतो आणि त्या काळात येणाऱ्यांची संख्या लाखांत मोजावी लागते. २०१५ मध्ये, पंचाहत्तराव्या मेळाव्याच्या वेळी, ही संख्या सात लाखांच्या वर गेल्याचा शासकीय अंदाज होता. दिवसा शर्यती आणि डोंगरातील भटकंती, रात्री संगीत, असा मेळाव्याचा क्रम असतो. हे संगीत मुख्यतः रॉक, हेवी मेटल आणि कंट्री या प्रकारांतले. ते ज्या भूमीवर वाजते त्या भूमीच्या संगीतपरंपरेचे प्रतिबिंब त्यात असावे काय, हा प्रस्तुत निबंधाचा विषय होय. सांस्कृतिक विविधतेच्या आजच्या चर्चेत या प्रश्नाला होकारार्थी उत्तर चटकन दिले जाते. तथापि स्टर्जिसचा इतिहास पाहता प्रश्नातील ‘स्थानिक’ हा शब्दच प्रथम तपासून घ्यावा लागतो.

मेळावा आधी, संगीत नंतर

स्टर्जिस येथील क्लॅरन्स होएल हे ‘इंडियन’ या बनावटीच्या मोटारसायकलींचे विक्रेते होते. १९३६ मध्ये ‘जॅकपाइन जिप्सीज’ हा स्वारांचा संघ स्थापन झाला आणि १४ ऑगस्ट १९३८ रोजी त्याने पहिली शर्यत भरवली. तीत अवघे नऊ स्वार उतरले होते. आलेल्या पाहुण्यांना घेऊन ब्लॅक हिल्स या डोंगररांगेत फेरफटका मारणे आणि होएल यांच्या पत्नी पर्ल यांनी रांधलेले जेवण, असे या मेळाव्याचे आरंभीचे घरगुती रूप होते. धावपट्टी हे त्याचे केंद्र होते, रंगमंच नव्हे. त्यामुळे ‘मेळाव्याचे परंपरागत संगीत रॉक आहे, त्यात बदल कशाला’ हा युक्तिवाद कालक्रमाच्या कसोटीवर टिकत नाही. १९३८ मध्ये रॉक संगीत जन्मालाच आले नव्हते.

मोटारसायकलस्वार आणि रॉक यांची सांगड कशी पडली, हेही पाहण्यासारखे आहे. स्वारांच्या टोळ्यांवरील पहिला गाजलेला चित्रपट ‘द वाइल्ड वन’ १९५३ चा. त्याला लीथ स्टीव्हन्स यांनी दिलेले संगीत जॅझच्या वळणाचे होते. पुढे १९६९ मध्ये ‘ईझी रायडर’ आला आणि त्यात वापरलेले, आदल्या वर्षी प्रसिद्ध झालेले ‘बॉर्न टु बी वाइल्ड’ हे गीत जणू स्वारांचे बिरुद होऊन बसले. ते गाणारा स्टेपनवूल्फ हा वाद्यवृंद लॉस एंजेलिसचा, त्याचा मुख्य गायक जन्माने जर्मन, आणि गीतकार कॅनडाचा. म्हणजेच जिला स्वारांची परंपरा म्हटले जाते ती एका चित्रपटाच्या द्वारे, मेळावा सुरू झाल्यानंतर तीस वर्षांनी, बाहेरून आली. परंपरा बाहेरून आली म्हणून ती खोटी ठरत नाही. मात्र तिला अनादित्वाचा हक्क सांगता येत नाही, एवढे निश्चित.

१९८० नंतर या संगीताला बाजारपेठ मिळाली. गावातील सार्वजनिक उद्यानात तळ ठोकणाऱ्यांच्या दंग्यांमुळे तो तळ बंद करावा लागला आणि गावाबाहेरील खासगी तळांकडे गर्दी वळली. त्यांपैकी १९८१ मध्ये सुरू झालेला ‘बफेलो चिप’ हा तळ सर्वांत प्रसिद्ध. बफेलो चिप म्हणजे बायसनची वाळलेली शेणी. झाडे विरळ असलेल्या या गवताळ प्रदेशात तेच सरपण असे. तळाचे नाव असे अस्सल मातीतले, पण रंगमंचावरील मंडळी मात्र दूरची. टेक्सासचा झीझी टॉप, फ्लॉरिडाचा लिनर्ड स्किनर्ड, बोस्टनचा एअरोस्मिथ, आणि २०१० मध्ये मिनेसोटात जन्मलेला बॉब डिलन. शेजारच्या राज्यातला म्हणून डिलनला स्थानिक म्हणायचे असल्यास म्हणावे!

‘स्थानिक’ कोणाचे?

१८६८ च्या फोर्ट लॅरमी तहाने ब्लॅक हिल्ससह विस्तीर्ण प्रदेश लकोटा व अन्य सू जमातींच्या कायम वहिवाटीचा म्हणून मान्य केला होता. १८७४ मध्ये कस्टरच्या लष्करी मोहिमेने तेथे सोने असल्याची वार्ता पसरवली. १८७६ मध्ये लिटल बिगहॉर्नची लढाई झाली. १८७७ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा करून डोंगर ताब्यात घेतले. लगेच १८७८ मध्ये फोर्ट मीड ही लष्करी छावणी उभी राहिली आणि तिच्या शेजारी स्टर्जिस गाव वसले. गावाचे नावही सातव्या घोडदळातील एका घराण्याचे आहे. या घराण्यातील एक तरुण अधिकारी लिटल बिगहॉर्नला मारला गेला होता. १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने डोंगर घेण्याची ही कृती भरपाईस पात्र ठरवून व्याजासह दहा कोटी डॉलरहून अधिक रकमेचा निवाडा कायम केला. जमातींनी ती रक्कम आजतागायत स्वीकारलेली नाही. भूमी विकाऊ नव्हती, ही त्यांची भूमिका आहे.

संगीताच्या दृष्टीने याहून महत्त्वाची घटना १८८३ ची. त्या वर्षी अंतर्गत व्यवहार खात्याने लागू केलेल्या नियमावलीनुसार सूर्यनृत्यासारखे विधी आणि वैदूंचे उपचार दंडनीय ठरले. ढोल वाजवून गाणे ही ज्यांची उपासना होती त्यांच्यासाठी गाणेच गुन्हा झाले. १८९० मध्ये प्रेतनृत्याच्या चळवळीची भीती घेऊन लष्कर पाठवले गेले आणि त्या वर्षीच्या २९ डिसेंबरला वूंडेड नी येथे हत्याकांड घडले. एका नृत्यगीताच्या भयातून घडलेली अशी शोकांतिका संगीताच्या इतिहासात विरळाच. याच काळातील विसंगती अशी की, बंदी लागू असतानाच फ्रान्सिस डेन्समोर या संशोधिकेने मेणाच्या नळकांड्यांवर लकोटा गीते ध्वनिमुद्रित केली आणि १९१८ मध्ये शासकीय संस्थेनेच त्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. जे संगीत गाण्यास मनाई होती ते ग्रंथालयात जपण्यास मुभा होती. १९३४ मध्ये हे निर्बंध उठवण्यात आले. होएल यांची पहिली शर्यत त्यानंतर चारच वर्षांनी झाली. मेळाव्याच्या आरंभी स्थानिक संगीत का नव्हते, याचे उत्तर केवळ आयोजकांच्या आवडीनिवडीत शोधणे म्हणूनच अपुरे ठरते.

अर्थात स्थानिक परंपरा केवळ आदिवासींचीच आहे, असेही नाही. वसाहतकार शेतकऱ्यांनी आणलेले फिडल १९८९ मध्ये राज्याचे अधिकृत वाद्य म्हणून घोषित झाले. रशियामार्गे आलेल्या जर्मन कुटुंबांचे अकॉर्डियन व पोल्का हेही या भूमीत रुजले. फोर्ट मीडचा तर असा अभिमानाचा दावा आहे की, पुढे १९३१ मध्ये राष्ट्रगीत ठरलेले गीत लष्करी संचलनात नियमाने वाजवण्याची प्रथा १८९२ मध्ये तेथील सेनाधिकाऱ्याने सुरू केली. एकाच परिसरात एकमेकांच्या विरोधात उभ्या राहिलेल्या या परंपरा आहेत. ‘स्थानिक संगीत’ असा फलक लावून त्यांतील कोणती निवडली जाते, यावरून निवडणारा इतिहासाच्या कोणत्या बाजूला उभा आहे हे कळते.

मातो पहा आणि २००६ चा वाद

स्टर्जिसपासून दहा किलोमीटरच्या आत, सपाट माळावर एकटाच उभा असलेला डोंगर आहे. लकोटा त्याला मातो पहा, म्हणजे अस्वलाचा डोंगर, म्हणतात. लकोटांप्रमाणेच शायान जमातीचेही ते सर्वश्रेष्ठ तीर्थ. शायानांच्या प्रेषिताला धर्मबोध येथेच झाला, अशी श्रद्धा आहे. उपवास करून एकांतात बसणे हा येथील उपासनेचा गाभा, आणि उन्हाळा हा तिचा मुख्य काळ. मेळावाही उन्हाळ्यातच. १९६१ पासून हा डोंगर राज्य उद्यान आहे. पर्यटनासाठी तेथे केलेल्या बांधकामांना लकोटा व शायान धर्मप्रमुखांनी न्यायालयात आव्हान दिले. १९८२ मध्ये ते फेटाळले गेले.

२००६ मध्ये या डोंगराच्या जवळ मद्यालय व खुले रंगमंदिर उभारण्याची योजना पुढे आली. योजनेचे आरंभीचे नाव ‘पवित्र भूमी’ या अर्थाचे होते आणि आवारात आदिवासी पुरुषाचा भव्य पुतळाही कल्पिलेला होता. म्हणजे ‘स्थानिक परंपरेचे प्रतिबिंब’ या अपेक्षेची पूर्तता करण्याचा हा एक प्रयत्नच होता! अनेक जमातींचे लोक विरोधासाठी एकत्र जमले. नाव बदलले गेले, मद्यविक्रीचा परवाना मात्र मिळाला. विरोधकांचे म्हणणे आपली प्रतिमा दिसत नाही असे नव्हते. प्रार्थनेत व्यत्यय येतो, असे होते. प्रतिबिंबाची मागणी बहुधा बाहेरच्या सद्भावी मंडळींची असते. ज्यांची परंपरा आहे त्यांची मागणी वेगळीच असू शकते, ही बाब या प्रसंगाने स्पष्ट केली.

येथे लकोटा संगीतातील एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. मोठ्या ढोलाभोवती बसून उंच पट्टीत सुरू होणारी आणि पायरीपायरीने खाली उतरणारी गाणी, हे त्याचे बाह्य रूप. परंतु सर्व गाणी सर्वांसाठी नसतात. काही गाणी विधीचीच असतात, तर काही विशिष्ट व्यक्तीच्या वा कुळाच्या मालकीची. याउलट पाउवाउ मेळ्यांतील सामाजिक नृत्यगीते पाहुण्यांसमोर, पाहुण्यांसह गाण्यासाठीच असतात आणि रॅपिड सिटी येथे ऑक्टोबरात भरणाऱ्या मेळ्यात ती सर्वांना ऐकता येतात. तेव्हा मोटारसायकल मेळाव्यात या दुसऱ्या प्रकारच्या गीतांना, ढोलपथकांच्या संमतीने आणि मुख्य कलावंतांच्या तोडीच्या मानधनाने, स्थान देण्यास तात्त्विक हरकत दिसत नाही. पहिल्या प्रकाराला मात्र रंगमंचावर आणणे हा परंपरेचा गौरव नसून तिचा भंग आहे. उद्घाटनापुरते पिसांचा टोप घातलेले पथक पाच मिनिटे उभे करणे, हा तर तिसराच आणि सर्वांत सोपा मार्ग. त्याची शिफारस कोणी करू नये.

गोव्याचे उदाहरण

हा प्रश्न भारतालाही अपरिचित नाही. २०१३ पासून गोव्यात वागातोर येथे ‘इंडिया बाइक वीक’ हा मेळावा भरू लागला आणि तेथेही रॉक व इलेक्ट्रॉनिक संगीताचाच वरचष्मा राहिला. गोवा शासनाने २०१९ मध्ये घुमट हे वारसा वाद्य म्हणून घोषित केले. मातीच्या या वाद्याला पूर्वी घोरपडीचे कातडे लावीत. वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आता बकऱ्याचे लावतात. घुमट मेळाव्यात वाजावे, अशी सूचना सहज सुचते. पण गणेशोत्सवातील घुमट आरती देवापुढची आहे आणि मांडो हा संथ गीतप्रकार ख्रिस्ती घरांच्या दिवाणखान्यात व लग्नघरांत वाढला. इंजिनांच्या गर्जनेत मांडो कोणाला ऐकू येणार? त्यापेक्षा शिगम्यातील ढोलताशे मिरवणुकीसाठीच घडलेले असल्याने तेथे अधिक स्वाभाविक ठरतील. परंपरा निवडताना तिचे मूळ प्रयोजन पाहावे लागते, ते असे.

निर्णय कोणाचा?

स्टर्जिसमध्ये संगीताचे मुख्य कार्यक्रम गावाच्या हद्दीबाहेरील खासगी जमिनीवर होतात. कलावंतांची निवड तळांचे मालक तिकीटविक्रीकडे पाहून करतात. त्यामुळे नगरपालिकेने ठराव केला तरी रात्रीच्या कार्यक्रमपत्रिकेत बदल होईलच, असे नाही. सार्वजनिक संस्थांच्या हाती राहतात ते मद्यपरवाने, ध्वनीची मर्यादा आणि रंगमंचाचे डोंगरापासूनचे अंतर. कोणाचे गाणे वाजवावे यापेक्षा कोणतेही गाणे कुठवर ऐकू जावे, हाच येथे स्थानिक परंपरेच्या दृष्टीने निकडीचा प्रश्न ठरतो. आणि तो सांस्कृतिक समितीपुढे नव्हे, काउंटीच्या परवाना समितीपुढे सुटतो किंवा अडतो.

जमातींनी दरम्यान आणखी एक मार्ग अवलंबला आहे. मातो पहाच्या पायथ्याशी त्यांनी जमिनी विकत घेतल्या आहेत. ब्लॅक हिल्समधील पे स्ला हे पवित्र कुरणही २०१२ मध्ये सू जमातींनी वर्गणी जमवून नव्वद लाख डॉलरना खरेदी केले. ज्या भूमीची भरपाई घेण्यास त्यांनी नकार दिला, तीच भूमी तुकड्यातुकड्याने, बाजारभावाने, त्यांना परत घ्यावी लागत आहे.